पाच वाजताचा जॅझ

साखरपुड्याच्या जेवणाला विल्मोश पांढरा कोट घालून आला, तेव्हाच इग्नाट्सच्या कपाळावर आठी पडली. कुरिना घराण्यातल्या वाजवणाऱ्यांचा कोट काळा. बाप जन्मभर काळ्या कोटात वाजवत आला आणि काळ्या कोटातच पुरला गेला. मिश्कोल्त्स शहरातल्या 'सोनेरी हरिण' हॉटेलात रोज संध्याकाळी सगळे कुरिना काळ्या कोटातच बसत. मधोमध उभा विल्मोश, बापाचं व्हायोलिन हनुवटीखाली. त्याच्या डाव्या अंगाला थोरला भाऊ इग्नाट्स, सिंबालोमच्या तारांवर कापूस गुंडाळलेल्या दोन काठ्या नाचवणारा. मागे बास कवटाळून उभा असलेला मेहुणा देझो, आणि बाकीचे चुलत-मावस. सध्या हॉलला रंग द्यायचा म्हणून हॉटेलातलं वाजवणं बंद होतं. त्या सुट्टीतच इग्नाट्सने लेकीचा, हर्मिनाचा, साखरपुडा उरकून घ्यायचं ठरवलं होतं.

"काय रे, दूध घालायला निघालास?" इग्नाट्सने विचारलं.

"नवा शिवलाय, दादा. कसा आहे?"

"सूप सांडेल त्याच्यावर. रुमाल लाव."

सगळे हसले. विल्मोशही हसला. त्याची बायको एतेल्का नव्या रेशमी पोशाखात त्याच्या शेजारी बसली आणि सारखी बाहीची लेस नीट करत राहिली. कोंबडीचं सूप संपलं, कोबीच्या पानांत गुंडाळलेलं मटण आलं, प्लमच्या दारूची बाटली फिरली. होणारा व्याही चोका अल्बर्ट पाहुण्यांच्या जागी ऐसपैस बसला होता. त्याचा बँड रेल्वे स्टेशनच्या खाणावळीत वाजवायचा. कुरिनांची मुलगी आपल्या मुलाला, गास्पारला, मिळते आहे याचा त्याला अभिमान होता आणि थोडी सलही होती. बावीस सालच्या जत्रेत कुरिनांनी त्याच्या बँडला भर मैदानात गारद केलं होतं, ते तो विसरला नव्हता.

दुसरा पेला रिकामा करून तो म्हणाला, "विल्मोश, अभिनंदन हं. येताना चौकात बघितलं. केवढी ती जाहिरात! पण एक कोडं सुटेना. फोटोत सहा जण. तू आहेस, देझो आहे. बाकीचे चौघे कोण? आणि आमचे व्याही कुठायत?"

"कसली जाहिरात?" इग्नाट्स म्हणाला.

 देझोने तोंडातला घास चावायचा थांबवला.

"गास्पार, काय लिहिलंय रे त्याच्यावर?" अल्बर्ट म्हणाला. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

गास्पार मान खाली घालून पुटपुटला, "आज पाच वाजता चहा आणि नाच. कुरिना विल्मोश आणि त्यांचा जॅझ बँड."

"आज?" इग्नाट्सने काटा ताटात ठेवला. "माझ्या पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशी?"

"तारीख हॉटेलाने ठरवली, दादा. जेवण झालं की मी तुझ्याशी बोलणारच होतो."

"हॉलला रंग लागतोय म्हणालास."

"लागलाय की."

"आणि आठवडाभर तू कुठे होतास?"

विल्मोशने खांदे उडवले. "तालमीला."

टेबलाच्या टोकाला त्यांची आई ओर्शोल्या बसली होती. म्हातारीने या दोघांना भांडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ती शांतता आपण विकत घेतलेली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा गेला तेव्हा रीतीप्रमाणे व्हायोलिन थोरल्याकडे जायचं. पण इग्नाट्सचं तोंड देवीच्या व्रणांनी भरलेलं, आणि विल्मोश सतराव्या वर्षीच असा देखणा की रस्त्यावरच्या बाया वळून बघत. लोक आधी तोंड बघतात, मग कान देतात. तिने व्हायोलिन धाकट्याच्या हातात दिलं. इग्नाट्सने तेव्हा एक शब्द काढला नव्हता. तो शब्द आज निघणार, हे तिला कळलं.

"इग्नाट्स, जेव आधी," ती म्हणाली.

"जेवतोय ना आई. भावाने वाढलेलं जेवतोय." तो विल्मोशकडे वळला. "बँडमध्ये नऊ माणसं होती आपली. सात रस्त्यावर टाकलीस. आणि निरोप मला व्याह्याकडून?"

"मी नाही टाकली! नवा मालक राजधानीतून, पेस्टहून आलाय. सरळ म्हणाला, जिप्सी बँड आता कोणाला नको, लोकांना सॅक्सोफोन हवा, ढोल हवा, चार्ल्सटनचा नाच हवा. तुम्ही नसाल तर दुसरा आणतो. मी सही केली नसती तर नऊच्या नऊ जण बाहेर होतो. दोन जागा तरी वाचवल्या मी!"

"तुझी आणि देझोची."

"बास जॅझला लागतो."

इग्नाट्सची बहीण योलान, देझोची बायको, भाकरीची टोपली घेऊन उभी होती. तिने ती टोपली नवऱ्यासमोर आपटली. "तुला माहीत होतं? आठवडाभर माझ्याशेजारी झोपतोस आणि तुला माहीत होतं?"

"योलान, चार पोरं आहेत आपल्याला," देझो म्हणाला.

"दादाला किती आहेत, मोजलीस?"

"ओरडू नका सगळे त्याच्यावर!" एतेल्का एकदम उसळली. "विल्मोश नसता तर कुरिना कोणाला माहीत होते? व्हिएन्नाला कोणाला बोलावलं? पीटर्सबर्गला राजपुत्राने बोटातली अंगठी कोणाला काढून दिली? पाहुण्याच्या कानाशी वाकून वाजवायचं, त्याने कपाळावर नोट चिकटवली की हसायचं, हे सगळं त्याने केलं. तुम्ही मागे आरामात बसलेले! म्होरक्या जगला तर बाकीचे जगतात."

"खरंय तिचं," ओर्शोल्या म्हणाली. "पुढचा घोडा आधी खातो. तो मेला तर गाडीच बसते. इग्नाट्स, वर्षभर थांब. याचं बस्तान बसू दे, मग तो तुलाही ओढून घेईल."

"घेईन, आई. शप्पथ," विल्मोश म्हणाला.

देझोने आतापर्यंत खाली घातलेली मान वर केली. तो जाडाजुडा, सोशिक माणूस. बँडमध्ये आणि घरात तो नेहमी मागेच उभा असे. पण तो 'शप्पथ' शब्द त्याला सोसला नाही. मालकाच्या खोलीत तो विल्मोशच्या मागे उभा होता, आणि त्याने जे ऐकलं ते आठवडाभर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर समोर बसलेल्या योलानच्या डोळ्यांना डोळा कसा द्यायचा?

"शप्पथ घेऊ नकोस, विल्मोश," तो म्हणाला. "बाकी काही बोल."

"तू गप्प बस."

"आठवडाभर बसलोय. दादा, मालकाने तुला मागितलं होतं. नावानिशी. म्हणाला, तो सिंबालोमवाला सकाळी हॉल रिकामा असताना पियानोवर बसतो, मी ऐकलंय, त्याला घ्या. पियानोला माणूस हवाच होता. विल्मोश म्हणाला, त्याला नाही जमणार. मालक म्हणाला, निदान विचारून तर बघा. हा म्हणाला, विचारलंय, तो नाही म्हणतो."

एतेल्काने नवऱ्याकडे पाहिलं. लेसवरचा तिचा हात थांबला. "खोटं बोलतोय ना हा?"

विल्मोशने तिची नजर चुकवली.

"का?" इग्नाट्सने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच सगळे घाबरले.

"कारण नको होतास तू मला!" विल्मोश खुर्ची मागे ढकलून उभा राहिला. "ऐकायचंय ना? ऐक. युद्धात बर्फाने माझी करंगळी गेली. दिसते, पण गेलीय. चारदाशचा नाच संथ भाग संपून वेगात आला की ती मागे राहते. लोकांना कळत नाही, कारण त्या जागी तू धावून येतोस. तुझ्या काठ्या अशा सांडतात तारांवर की माझी चूक झाकून जाते. रोज! गेली दहा वर्षं रोज! लोक माझ्या नावाने टाळ्या वाजवतात आणि मी तुझ्याकडे बघत नाही, कारण बघितलं तर तुला माहीत असतं. मला एकदा, फक्त एकदा, तुझे कान नसलेल्या खोलीत उभं राहायचं होतं!"

"मी कधी काही बोललो?"

"तेच! कधीच बोलला नाहीस! एकदा तरी शिवी द्यायचीस! आईने व्हायोलिन मला दिलं तेव्हाही बोलला नाहीस. देवासारखा बसलास. अशा माणसासमोर जगायचं कसं?"

इग्नाट्स उठला. टेबल हललं, पेला कलंडला, दारू पांढऱ्या चादरीवर पसरली. "शिवी हवी होती? ही घे. तुझी चूक मी झाकायचो, ती तुझ्यासाठी नाही. बाबांच्या व्हायोलिनमधून बेसूर येऊ नये म्हणून. तुझ्यासाठी मी काठीसुद्धा उचलली नसती. आता जा. तुझा चहा निवतोय."

विल्मोशने कोपऱ्यातली व्हायोलिनची पेटी उचलली. दारापाशी थांबून म्हणाला, "एतेल्का, चल."

एतेल्का सांडलेली दारू पुसत होती. तिने मान वर केली नाही. "माझ्यासाठी राखलेल्या पहिल्या टेबलावर दुसरं कोणी बसव."

तो गेला. थोड्या वेळाने देझोही उठला. योलानने त्याचा कोट त्याच्या अंगावर फेकला, पण अडवलं नाही. चार पोरं तिचीही होती.

मग अल्बर्ट खाकरला. खरं तर त्याला या तमाशाची मजा यायला हवी होती. पण बँड मोडताना बघणं कुठल्याही वाजवणाऱ्याला सोसत नाही. "इग्नाट्स, माझा सिंबालोमवाला म्हातारा झालाय. तुझ्यासाठी जागा आहे. आजपासून."

"दया नको, अल्बर्ट."

"दया कसली? तुझ्यासारखा माणूस मला मिळाला असता का कधी?"

"व्याही म्हणून देतोस. उद्या लोक म्हणतील, पोरगी दिली आणि खुर्ची घेतली. त्यापेक्षा हे लग्न जरा लांबवू. मी आधी उभा राहतो…"

"मी काय वाद्याची पेटी आहे का?" हर्मिना ओरडली. सकाळपासून ती कोणाशी बोलली नव्हती. नवरीने बोलायचं नसतं. आता तिचे गाल पेटले होते. "तुमची खुर्ची गेली की मला ठेवायचं, मिळाली की उचलायचं? काकांनी तुम्हाला न विचारता तुमचं ठरवलं म्हणून एवढे चिडलात ना, बाबा? मग माझं मला न विचारता कसं ठरवता? गास्पार, अंगठी काढ."

गास्पारने घाईघाईने खिसा चाचपला.

कुरिनांच्या घरात अंगठी घालताना म्होरक्याने वाजवायचं, ही रीत. त्या दिवशी कोणी वाजवलं नाही. अंगठी सुरांशिवायच घातली गेली, आणि ओर्शोल्याला आपल्या नवऱ्याच्या मरणालाही इतकं रडू आलं नव्हतं.

*

पाच वाजता 'सोनेरी हरिण'मध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. विल्मोशने बँडला ठेका द्यायची छडी उचलली आणि सॅक्सोफोन किंचाळला. तरुण पोरी केस कापून आलेल्या. त्यांनी गुडघे उडवायला सुरुवात केली ती थांबेचनात. विल्मोशने मागे वळून पाहिलं. पियानोवर व्हिएन्नाचा एक चटपटीत माणूस, ढोलावर दुसरा. कोणी त्याचा भाऊ नाही, कोणी मावसभाऊ नाही. देझो खाली बघून वाजवत होता. आपण जिंकलो, असं विल्मोशला वाटलं, आणि दुपारचा राग तसाच छातीत घेऊन तो आणखी जोरात छडी हलवू लागला.

सहाच्या सुमाराला एका म्हाताऱ्या कर्नलने हात वर केला. "विल्मोश, पुरे ती माकडं! आपला चारदाश होऊ दे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विल्मोशने व्हायोलिन घेतलं. संथ भाग उत्तम गेला. मग लय चढली. पियानोवाला समोरच्या कागदावरून ठेका देत होता, ठाक-ठाक, शाळामास्तरासारखा. ती जागा आली. करंगळी मागे राहिली, सूर फाटला, आणि विल्मोश डावीकडे वळून जिवाच्या आकांताने ओरडला, "इग्नाट्स! धर की!"

 मग व्हिएन्नाचा माणूस उठला आणि कपाळावर हात धरून पियानोच्या खाली वाकून बघू लागला, जणू कोणी इग्नाट्स तिथे लपला आहे. हॉल हास्याने फुटला. कर्नलच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अफलातून!" मालक नंतर म्हणाला. "आधी का नाही सांगितलंत? रोज करा हे."

 दुसऱ्या दिवशी त्याने ते पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी लोक त्याचीच वाट बघत होते.

देझोने हे योलानला सांगितलं आणि योलान तरातरा इग्नाट्सकडे गेली. तो अंगणात लाकडं फोडत होता.

"हसतात?" त्याने विचारलं.

"पोट धरून. तो मेला पियानोवाला तुला कधी पियानोखाली शोधतो, कधी स्वतःच्या टोपीत."

"माझ्या नावाला हसतात."

"तुझ्या नावाला आणि विल्मोशलाही. त्याला कळत कसं नाही, दादा? ते त्यालाच हसतात!"

इग्नाट्सने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि काळा कोट अंगावर चढवायला घरात गेला.

हॉटेलच्या दारवानाने त्याला ओळखलं. "अरे इग्नाट्स, मागच्या दाराने ये ना. पुढून पाहुणे…"

"मला हाक मारतात रोज. आलोय," इग्नाट्स म्हणाला आणि पुढच्या दाराने आत शिरला.

विल्मोश नुकताच चारदाशच्या वेगात शिरत होता. टेबलांमधून येणारा काळा कोट त्याला दिसला. देझोचा गज थबकला. इग्नाट्स मंचावर चढला, पियानोवाल्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि बाजूला उभं केलं. लोकांना वाटलं, आज नवीन गंमत आहे. काहींनी हसायला सुरुवातही केली. इग्नाट्स पियानोवर बसला आणि त्याची बोटं काठ्यांसारखी पडू लागली. ठेका पेटला. हसू थांबलं. त्याने लय वाढवली, आणखी वाढवली. विल्मोशच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. एवढ्या वेगात त्याने युद्धाआधीही वाजवलं नव्हतं. भाऊ त्याला फरफटत त्या जागेकडे नेत होता.

जागा आली. इग्नाट्सने दोन्ही हात पियानोवरून उचलले.

खाली काहीच उरलं नाही. विल्मोशला संताप आला, आंधळा, लहानपणीचा संताप. करंगळीची वाट न बघता त्याने तिच्या शेजारचं तिसरं बोट लांबवर फेकलं, तारेवरचं अंतर ओलांडलं, आणि एकट्या व्हायोलिनचा सूर अख्ख्या हॉलवरून स्वच्छ, अखंड निघून गेला. शेवटचा गज ओढून तो धापा टाकत उभा राहिला.

लोक उठून टाळ्या वाजवू लागले. त्या गोंगाटात इग्नाट्स त्याच्या अगदी जवळ आला.

"येतं की तुला," तो म्हणाला. "मग मला कशाला काढलंस?"

"दादा, थांब. मालकाशी बोलतो. आत्ता बोलतो. पियानो तुझा…"

"माझं नाव पुन्हा या हॉलमध्ये घेतलंस तर हात मोडीन. चांगला हात."

तो आला तसा पुढच्या दाराने गेला. विल्मोशने ती हाक मारायची गंमत पुन्हा कधी केली नाही. मालक रुसला, पण गर्दी टिकली. पुढची आठ-दहा वर्षं मिश्कोल्त्सपासून बालाटनच्या तळ्यापर्यंत उन्हाळी हॉटेलांत त्याचं नाव चाललं. चारदाशमधली ती जागा मात्र तो तिसऱ्या बोटाने वाजवी, आणि आता अगदी निर्दोष वाजवी.

हर्मिनाचं लग्न त्याच वर्षी द्राक्षं उतरल्यावर झालं. वाजवायला चोका अल्बर्टचा बँड होता आणि सिंबालोमवर इग्नाट्स. हर्मिनानेच बापाला त्या खुर्चीवर नेऊन बसवलं होतं; म्हणाली होती, दया समजा नाहीतर काहीही समजा, माझ्या लग्नात तुम्ही वाजवणार.

आठवडाभर आधी विल्मोशकडे आमंत्रण घेऊन ओर्शोल्या स्वतः गेली. त्या दुपारी घर सोडलेली एतेल्का आता पुन्हा त्याच्या घरात राहत होती. दार तिनेच उघडलं, पण सासूला आत बसवून ती निघून गेली. विल्मोशने आईच्या हाताचं चुंबन घेतलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"कोणती गाणी म्हणाला दादा? मी सुट्टी घेतो. व्हायोलिनच्या नव्या तारा आणल्यात."

म्हातारीने डोक्यावरचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. तिला हे बोलायचं नव्हतं. पण दुसऱ्या कोणी बोललेलं तिला चाललं नसतं.

"व्हायोलिन आणू नकोस, बाळ," ती म्हणाली. "तुला पाहुणा म्हणून बोलावलंय."